स्टँडपासून घरापर्यंत : नांदेड-लातूरच्या प्रवासाचा मागोवा

नांदेडच्या बसस्थानकावर एकदा आमच्या ओळखीच्या एक आजी भेटल्या. वय ऐंशीच्या घरातले. कंधार तालुक्यातील एका खेड्यातून त्या विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात प्रकृती दाखवण्यासाठी निघाल्या होत्या. पंच्याहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य असल्यामुळे गावापासून नांदेडपर्यंत त्यांना काहीच पडले नव्हते. सायंकाळी परतीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या त्या आजींची योगायोगाने पुन्हा गाठ पडली. डॉक्टरांनी काय सांगितले, असे आम्ही विचारले. औषधाचे सांगायचे सोडून त्या म्हणाल्या, "फादर, गावाहून नांदेडला यायला सरकारनं एक पैसा घेतला नाही. पण नांदेडातून नांदेडात जायला माझी चंची रिकामी झाली!"

आजींच्या या एका वाक्यात मराठवाड्याच्या प्रवासाचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे, असे आम्हाला त्यानंतर वारंवार वाटत राहिले. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु सामान्य माणूस घरातून बाहेर कसा पडला, कशात बसला, कोणाच्या शेजारी बसला आणि रात्री घरी कसा पोचला, हाही इतिहासच होय. या इतिहासात दोन प्रश्न आहेत. खेड्यातल्या माणसाला शहरापर्यंत कोणी आणावे, हा पहिला. शहरात उतरल्यावर त्याला दारापर्यंत कोणी न्यावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या भूमीत फार पूर्वी, आणि तेही मोठ्या धडाडीने दिले गेले. दुसरा प्रश्न मात्र आजही स्टँडबाहेर ताटकळत उभा आहे.

लोखंडी वाट आणि टांग्याचा घोडा

मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि चलन हाली शिक्क्याचे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडपर्यंत पोचला. मनमाडला तो मुंबईच्या मोठ्या लाईनला मिळत असे. गोदाकाठचा कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि नांदेड जगाशी जोडले गेले.

लातूरची कथा निराळी. तेथे निजामाची गाडी आली नाही. आली ती बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने उभारलेली ही केवळ अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. पुढे १९२७ मध्ये तिचे दुसरे टोक मिरजेला जाऊन भिडले. त्यामुळे नांदेडचे तोंड हैदराबादकडे, तर लातूरच्या बाजारपेठेचे तोंड बार्शी-सोलापूरकडे राहिले. दोन शेजारच्या शहरांमध्ये थेट लोहमार्ग झालाच नाही. आजही नांदेडहून लातूरला आगगाडीने जायचे तर परभणी, परळी असा मोठा वळसा घालावा लागतो. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी सरळ वाट आहे ती सडकेचीच.

याच भागात 'लातूर रोड' नावाचे एक स्थानक आहे. नाव वाचून नवखा प्रवासी लगबगीने उतरतो आणि मग त्याला कळते की लातूर अजून तीसएक किलोमीटर दूर आहे! इंग्रजी आमदानीत रेल्वेने अशी अनेक 'रोड' स्थानके जन्माला घातली. गावाचे नाव द्यायचे, वाट दाखवायची आणि पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. प्रवाशाला मध्येच सोडून देण्याच्या या पद्धतीचे मूळ इतके जुने आहे.

रेल्वे स्थानकाबाहेर त्या काळी टांगे उभे असत. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले ते दृश्य त्यांच्याच तोंडून ऐकावे. पुढे टांगेवाल्याशेजारी घरातला कर्ता पुरुष, मागे पाय सोडून बसलेली मुले, खानदानी कुटुंबातील स्त्रिया असतील तर मागच्या बाजूला बांधलेला पडदा, दांडीला लटकवलेला कंदील आणि घोड्याच्या तोंडाला अडकवलेला तोबरा. टांगा ठरवताना घासाघीस व्हायची. पण टांगेवाला माणूस ओळखीचा असे. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची लेक बाळंतपणाला आली आहे, हे त्याला ठाऊक असे. शहर लहान होते, आणि ज्याच्याकडे टांग्याचे पैसे नसत तो ट्रंक डोक्यावर घेऊन पायी घर गाठू शके. दुसरा प्रश्न तेव्हाही होता. परंतु तो पायांनी सुटण्याइतका लहान होता.

१९३२ : सरकार गाडी चालवू लागते

मोटारी आल्या तेव्हा त्या प्रथम खासगी मालकांच्या होत्या. या 'सर्व्हिस मोटारी' गच्च भरल्याखेरीज हलत नसत आणि जेथे फायदा नसे तेथे जात नसत. सगळ्या हिंदुस्थानात तेव्हा रेल्वे आणि मोटार यांच्यात चुरस लागली होती. ब्रिटिश सरकारने या स्पर्धेचा अभ्यास करण्यासाठी मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना नेमले.

हैदराबाद संस्थानाने मात्र वेगळाच मार्ग पत्करला. १९३० मध्ये संस्थानाने रेल्वे कंपनी विकत घेऊन स्वतःच्या ताब्यात आणली होती. आता त्याच रेल्वेचा एक विभाग म्हणून जून १९३२ मध्ये 'रोड ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट' सुरू करण्यात आले. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी एवढाच त्याचा संसार होता. रूळ आणि सडक दोन्ही एकाच हाती आल्याने चुरशीचा प्रश्नच उरला नाही. जेथे गाडी थांबते तेथून बस पुढे निघावी, असा हा विचार होता. जगाच्या संदर्भात पाहिले म्हणजे या घटनेचे मोल कळते. लंडनसारख्या महानगरातील बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाच्या हाती आल्या त्या १९३३ मध्ये, म्हणजे एक वर्षानंतर. प्रवाशांची वाहतूक हा केवळ धंदा नसून राज्याने उचलायचा भार आहे, ही कल्पना अमलात आणण्यात हिंदुस्थानात हैदराबाद संस्थान अग्रभागी होते.

निजामाने या बसगाड्यांच्या क्रमांकात आपल्या मातेच्या नावाचे 'झेड' हे आद्याक्षर घातले, अशी कथा हैदराबादकडे आजही सांगितली जाते. कथेची शहानिशा इतिहासकारांनी करावी. परंतु तेलंगणाच्या सरकारी बसगाड्यांच्या क्रमांकात ते अक्षर आजही दिसते. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या आमच्या वाचकांनी सीमेपलीकडून येणाऱ्या गाडीची पाटी जरा निरखून पाहावी. नव्वद वर्षांपूर्वीचा इतिहास समोरून धावत येताना दिसेल.

निजामाची राजवट गोड होती, असे आम्हास मुळीच सुचवायचे नाही. १९४८ च्या आधीची वर्षे रझाकारांच्या दहशतीची होती, आणि त्या संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील होता, हे मराठवाडा विसरलेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला. परंतु जुलमी राज्यातही एखादी सोय चांगली निघू शकते, आणि नव्या राज्याने ती मोडून न टाकता पुढे चालवावी, यात शहाणपण असते. झालेही तसेच. १९५१ मध्ये बसखाते रेल्वेपासून वेगळे होऊन हैदराबाद राज्य सरकारकडे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र जन्मला आणि १९६१ मध्ये मराठवाड्यातील सरकारी बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली मुंबई राज्याची एस.टी. आणि १९३२ ची निजामाची बस अशा दोन नद्यांचा हा संगम होता. नांदेड-लातूरच्या एस.टी.ला दोन माहेरे आहेत असे म्हटले तरी चालेल.

गाव तेथे एस.टी.

'गाव तेथे एस.टी.' आणि पुढे 'रस्ता तेथे एस.टी.' ही घोषणा आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. घोषणांवर विश्वास ठेवण्याची सवय आपल्याला उरलेली नाही. परंतु ही घोषणा पुष्कळ अंशी खरी ठरली. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी 'मुक्कामाची गाडी' ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटेल. गावाला घड्याळ नसले तरी चाले. मुक्कामाची गाडी सुरू झाली की चूल पेटवायची. चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर किंवा देवळात झोपत आणि कोणाच्या तरी घरची भाकरी त्यांच्यापुढे येई. त्या गाडीतून दुधाच्या किटल्या गेल्या, कोर्टाचे कागद गेले, नव्या नवऱ्या गेल्या आणि शहरात शिकणाऱ्या मुलांचे डबे गेले. त्या डब्यांवर चिठ्ठी चिकटवलेली असे आणि डबा हमखास पोचत असे.

याहूनही मोठे काम या गाडीने न बोलता केले. ज्या गावांत पाणवठे वेगळे होते, तेथील माणसे एका बाकावर बसू लागली. कंडक्टर तिकिटाचे पैसे मागतो, जात विचारत नाही. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला 'सरका जरा' म्हणण्याचा अधिकार ज्या दिवशी सर्वांना मिळाला, त्या दिवशी मराठवाड्यात एक अबोल क्रांती झाली. समतेवर आम्ही व्यासपीठावरून पुष्कळ प्रवचने ऐकली आणि दिलीही. पण लाल गाडीच्या बाकाने दिलेला धडा अधिक खोल रुजला असावा.

या गाडीचे मोल ती नसताना कळले. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास राज्यातील एस.टी. कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप पुकारला. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे दुःख खरे होते आणि प्रवाशांचे हालही खरे होते. कोरोनानंतर नुकत्याच उघडलेल्या शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या खेड्यातल्या मुली त्या महिन्यांत घरी बसल्या. त्यानंतर २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट, अशा सवलती एस.टी.ने दिल्या. पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे गावापासून शहरापर्यंत कोणी आणावे या प्रश्नाचे उत्तर समाजाने असे टप्प्याटप्प्याने दिलेले आहे.

शहरे पसरली

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लातूरच्या मध्यभागी गंजगोलाई आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेतून सोळा रस्ते फुटतात. मध्ये अंबाबाईचे मंदिर आणि भोवती सराफा, मिरची, गूळ, पादत्राणे यांच्या निरनिराळ्या पेठा. कोणत्याही रस्त्याने निघा, गोलाईला पोचाल, अशी ही योजना. गोलाईची दोन मजली मुख्य इमारत १९४५ मध्ये उभी राहिली तेव्हा शहर गोलाईभोवती मावत होते. माणूस पायी हिंडत असे.

१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, वसाहती आल्या. पुढे शिक्षणाच्या 'लातूर पॅटर्न'चे नाव झाले आणि दहावी-बारावीची मुले दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन खोल्या घेऊन राहू लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी कापली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. मदतीला गेलेल्या एका तुकडीबरोबर आम्ही त्या भागात पोचलो तेव्हा मिळेल त्या वाहनातून, ट्रकमधून, जीपमधून जखमी लातूर-सोलापूरकडे नेले जात असल्याच्या हकिकती गावोगाव कानी पडत. रस्ता म्हणजे काय आणि वाहन म्हणजे काय, हे त्या दिवसांत आम्हास प्रथम उमगले. नंतर गावे नव्या जागी, रुंद रस्त्यांवर, प्रशस्त भूखंडांवर वसवली गेली. घरे भक्कम झाली. पण शेजार विरळ झाला आणि अनेकांचे शेत घरापासून लांब गेले.

नांदेडही असेच पसरले. जुने नांदेड गोदावरीच्या उत्तर तीरावर, वजिराबाद-इतवारा परिसरात दाटीवाटीने वसलेले. सिडको-हडकोच्या वसाहती नदीपलीकडे दक्षिणेला झाल्या. १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते विष्णुपुरी परिसरात. १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिका आली. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये याच गोदाकाठी देह ठेवला. त्या घटनेला आणि गुरु ग्रंथसाहिबांच्या गुरुपदाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, २००८ मध्ये, 'गुरु-ता-गद्दी' सोहळ्यासाठी देशविदेशातून लक्षावधी भाविक आले. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेडचा समावेश झाला आणि रस्ते रुंद झाले. वजिराबादेतील सरकारी रुग्णालय पुढे विष्णुपुरीला गेले. जागा प्रशस्त मिळाली. परंतु पूर्वी स्टँडवरून पायी जाता येणारा दवाखाना आता नदीपलीकडे कित्येक किलोमीटर दूर गेला. आमच्या आजींची चंची रिकामी झाली ती याच वाटेवर.

२०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाखांवर आणि लातूरची पावणेचार लाखांवर गेलेली होती. लातूरचे नवे रेल्वे स्थानकही शहराच्या मध्यापासून दूर गेले; छोट्या गाडीची आठवण 'जुनी रेल्वे लाईन' या पत्त्यापुरती उरली. शहरे वाढली, रस्ते वाढले, अंतरे वाढली. पायांनी सुटणारा प्रश्न आता पायांच्या आवाक्याबाहेर गेला.

सीट आणि कायदा

टांग्याची जागा ऑटोने घेतली. बजाज कंपनीला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत हे तीनचाकी वाहन मराठवाड्यातील शहरांत शिरले. पुण्या-मुंबईचे लोक त्याला रिक्षा म्हणतात. आमच्याकडे तो 'ऑटो'. मुंबईची मीटरची काळी-पिवळी टॅक्सी येथे कधी रुजलीच नाही. येथे 'काळी-पिवळी' म्हणजे तालुक्याच्या रस्त्यावर माणसांनी फुगलेली जीप. शहरात चालतो तो 'सीट'चा ऑटो. 'स्टेशन, स्टेशन', 'सिडको, सिडको', 'गोलाई, गोलाई' अशा आरोळ्या उठतात. सीट भरले की ऑटो हलतो. एकट्यालाच न्यायचे तर 'स्पेशल' करावा लागतो, आणि त्याचे भाडे ऐकून खेड्यातला माणूस दोन पावले मागे सरतो.

येथे कायद्याची एक गंमत आहे. मोटार वाहन कायद्यात प्रवासी गाड्यांचे दोन ठळक प्रकार आहेत. वाटेत थांबत थांबत, प्रत्येक प्रवाशाचे वेगळे भाडे घेत जाणारी ती टप्पा वाहतूक. संपूर्ण गाडी एका गिऱ्हाइकाने ठरवायची ती कंत्राटी वाहतूक. एस.टी. पहिल्या प्रकारात मोडते, ऑटो दुसऱ्या. म्हणजे परिवहन प्राधिकरणाने खास मंजुरी दिली नसेल तेथे सीटवर चालणारा ऑटो कायद्याच्या लेखी चूक ठरतो, आणि कायद्याने बिनचूक असलेला 'स्पेशल' ऑटो गरिबाला परवडत नाही. गरजेने शोधलेली सोय कायद्याबाहेर आणि कायद्यातली सोय गरजेबाहेर, असा हा पेच.

ऑटोवाल्यास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हीही एकदा तो मोह केला. तीनांऐवजी पाच माणसे बसवणाऱ्या एका चालकाला आम्ही चार शब्द सुनावले. तो न चिडता म्हणाला, "साहेब, तीन सीटांत गाडीचा हप्ता अन् गॅस निघतो. चौथं सीट आलं की घरी पीठ जातं." त्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. खेड्यात शेती पिकेना म्हणून शहरात आलेला, कर्ज काढून ऑटो घेतलेला हा माणूस आजींइतकाच नडलेला. एक गरीब दुसऱ्या गरिबाकडून भाडे घेतो, आणि ज्याने मध्ये उभे राहायचे ते शहर दूर उभे राहून पाहते. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत सिटी बसचे प्रयत्न झाले. गाड्या आल्या, काही काळ धावल्या, तोट्याचा हिशेब झाला, फेऱ्या रोडावल्या. सातत्य काही टिकले नाही. खेड्याकडे जाणाऱ्या गाडीचा तोटा समाजाने वर्षानुवर्षे सोसला. शहरातल्या गाडीचा तोटा मात्र लगेच डोळ्यांत खुपला.

इतरांनी काय केले

उत्तर सापडतच नाही असे नव्हे. नांदेडच्या रेल्वे स्थानकावर अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस येते तेव्हा गुरुद्वाराची बस यात्रेकरूंना विनामूल्य घेऊन जाते. पंजाबच्या खेड्यातून आलेल्या वृद्ध भाविकाला परक्या शहरात कोणाशी घासाघीस करावी लागत नाही. पाहुण्याला स्थानकातून घरापर्यंत आणणे हे यजमानाचे काम आहे, एवढा साधा विचार त्यामागे आहे. आमच्या शीख बांधवांपासून हे आपण शिकावे.

दूर चीनमधील शेंझेनचे उदाहरणही बोलके आहे. हाँगकाँगलगतचे हे लहानसे गाव १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र ठरले, म्हणजे आपला लातूर जिल्हा होण्याच्या अवघी दोन वर्षे आधी. २०२० मध्ये तेथील लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या घरात गेली होती. या नगराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या आणि पुढे टॅक्सीही. तेथील राज्यपद्धती वेगळी आहे, पैसा वेगळा आहे आणि त्या पद्धतीतील सारेच अनुकरणीय नाही. परंतु बस हा शहराच्या पाण्या-दिव्यासारखाच भाग आहे आणि त्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून पैसा द्यावा लागतो, हे तेथे गृहीत धरले गेले. १९३२ मध्ये हैदराबादेत हेच गृहीत धरले गेले होते. हा विचार आपल्याला परका नाही. तो आपण शहराच्या वेशीपर्यंत आणून तेथेच उतरवून ठेवला, इतकेच.

शेवटचे अंतर

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. दुष्काळाने शहराचे नळ आटले होते. मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली आणि एके काळी बार्शी लाईटची छोटी गाडी धावत होती त्याच मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी दिशेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. देशभर त्याची वाहवा झाली आणि ती योग्यच होती. परंतु टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला की तेथून घरापर्यंत पाणी कोणी नेले? आयाबहिणींनी, कमरेवर घागर घेऊन. साडेतीनशे किलोमीटर राज्याने उचलले. शेवटची शंभर पावले बाईच्या कमरेवर आली.

प्रवासाचेही तसेच झाले आहे. लांबचे अंतर राज्य उचलते, जवळचे अंतर ज्याचे त्याच्यावर सोडले जाते; आणि जवळचे अंतर नेहमी सर्वांत दुबळ्याच्या वाट्याला येते. मुलगी शिकवणीवरून रात्री कशी परतते, बाळंतीण दवाखान्यातून घरी कशी येते, डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाचे महिन्याचे भाडे किती होते, हे प्रश्न एस.टी.च्या सवलतींनी सुटत नाहीत, कारण त्या सवलती ऑटोत चालत नाहीत. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबेही शहराच्या चार कोपऱ्यांत विखुरलेली आहेत. रविवारच्या मिस्सेला कोण येत नाही, याचा आम्ही एकदा विचार केला, तेव्हा श्रद्धा कमी झालेल्यांपेक्षा ऑटोचे भाडे न परवडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नावेच आम्हास अधिक आठवली. ज्यांच्या दारात स्कूटर किंवा मोटार उभी आहे त्यांनी वाटेतले एक घर घेऊन यावे, एवढे तर आपल्याला महानगरपालिकेची वाट न पाहता करता येईल. तसे आम्ही सुचवले आणि काहींनी ते मनावरही घेतले.

परंतु एकेकाच्या चांगुलपणावर शहर चालत नाही. नव्वद वर्षांपूर्वी एका संस्थानाने २७ गाड्यांनिशी जे आरंभले, ते खेड्यांच्या दिशेने पूर्णत्वास गेले. शहराच्या दिशेने ते अजून निघायचे आहे. ज्या शहरात स्वतःचे वाहन नसलेला माणूस संकोच न बाळगता, घासाघीस न करता, दिवेलागणीनंतरही आपल्या दारापर्यंत पोचू शकतो, ते शहर खऱ्या अर्थाने वसले असे म्हणावे.

त्या सायंकाळी कंधारची गाडी लागली तेव्हा आजी हळूहळू पायऱ्या चढल्या. आत गर्दी होती. कोणीतरी "सरका हो जरा, आजीला बसू द्या" म्हटले आणि माणसे सरकली. आता त्यांना काळजी नव्हती. गाडी गावात, थेट पारापाशी सोडणार होती. आमचा प्रवास तेवढा बाकी होता. आम्ही स्टँडबाहेर आलो आणि सीट भरण्याची वाट पाहत एका ऑटोत बसून राहिलो.